सात टर्न कमी

जळगावला माझं मोटर भरायचं दुकान. जळालेली मोटर आली की जुनी तार काढायची, नवी भरायची. कोणत्या मोटरला किती टर्न, म्हणजे तारेचे वेढे, कोणत्या गेजची, म्हणजे किती जाड तार, हे मी वहीत लिहीत गेलो. अशा एकवीस वह्या झाल्या. शाळा चौथीत सुटली, पण त्या वह्यांमुळे शिकलेली माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसायची.

आता हात थरथरतो. दुकान सून बघते. भुसावळची, डिप्लोमा केलेली, स्वतः मोटर भरते. ती म्हणाली, "आबा, तुम्ही आहात तोवर वह्या कॉम्प्युटरमध्ये घेऊ. तुमचं अक्षर दुसऱ्या कोणाला लागत नाही."

तुम्ही आहात तोवर! राग आला, पण खोटं नव्हतं. मी ठणकावलं, टाइप मीच करणार.

मशीनने ओळ कशी वाचायची याची रीत तिने लिहून ठेवली होती. तिला ग्रामर म्हणतात. आधी मोटरचं वर्णन, ते दोन अवतरणांच्या मध्ये. मग एचपी, स्लॉट, टर्न, गेज, प्रत्येकानंतर स्वल्पविराम. त्या रीतीने ओळ तपासतो तो पार्सर. जरा चुकलं की लाल अक्षरं.

पहिलीच ओळ लाल. मी लिहिलं होतं, "6" बोअरची मोटर". सहा इंच लिहायचं तर आकड्याशेजारी दोन बारीक रेघा द्यायच्या, जन्मभर असंच लिहिलं. सून म्हणाली, मशीनला वाटलं अवतरण तिथेच मिटलं. इंचाच्या खुणेआधी उलटी तिरपी रेघ द्या.

"तुन्हं मशीन अडानी शे," मी म्हणालो. "सहा इंच कळत नाही त्याला?"

"अडाणी आहे ना, आबा. म्हणून तर एवढं हट्टी आहे."

टोमणा कोणाला होता ते मला कळलं.

दोन महिने असंच चाललं. कुठे स्वल्पविराम राहिला, कुठे अवतरण उघडंच. वहीत मी जागोजागी 'वरीलप्रमाणे' लिहिलेलं, ते पार्सर घेईना. हट्टाने मी स्वतः त्यासाठी ग्रामरमध्ये एक नियम लिहिला, तर आदल्या दिवशी पास झालेल्या ओळी लाल झाल्या. की-बोर्ड फेकायचाच बाकी होता. सुनेने तो नियम दुरुस्त केला आणि एके दिवशी बठ्ठ्या, एकूण एक ओळी पास झाल्या. त्या दिवशी मी चहा दोनदा मागवला.

त्याच आठवड्यात पाचोऱ्याहून एक मोटर आली. दुसऱ्या कोणीतरी तार आधीच कापून टाकलेली, मोजायला जुनं काही उरलं नव्हतं. सुनेने कॉम्प्युटरवर माझी ओळ काढली आणि तशीच मोटर भरली. चालू केली तर अँपिअर चढतच गेले, वार्निशचा वास सुटला. शेतकरी समोर उभा. तिने घाईने बटण बंद केलं.

"आबा, तुमच्या ओळीप्रमाणेच भरली. टाइप करताना चुकलं का?"

चुकलं नव्हतं. मी शेतकऱ्याला चार दिवसांनी यायला सांगितलं आणि तो गेल्यावर बोललो. पूर्वी एका कारागिराने माझी वही उतरवून घेतली आणि धुळ्याला दुकान टाकलं. तेव्हापासून मी वहीत सात टर्न कमी लिहायचो, भरताना मनात सात मिळवायचो. पोटच्या पोरालाही सांगितलं नव्हतं. टाइप करताना ते सात माझ्याही डोक्यात आले नाहीत. स्वल्पविरामांतच जीव गेला होता.

सून म्हणाली, "पार्सर फक्त ओळीची रीत बघतो, आबा. खरं-खोटं नाही. सात मिळवायला मला प्रोग्रामची एक ओळ पुरेल. कोणत्या वहीपासून?"

आठवेना. वह्यांवर ना तारीख, ना नंबर. कोणती धुळ्याच्या आधीची, कोणती नंतरची, मलाच सांगता येईना. तिने स्क्रीन बंद केली. त्यापेक्षा लाल अक्षरं बरी.

आता जळालेली मोटर आली की जुनी कॉइल माझ्यापुढे येते. एकेक टर्न मोजतो, वहीशी ताडतो; वहीत सात कमी निघाले तर ती वही धुळ्यानंतरची. बोटं थरथरतात, मध्येच आकडा चुकतो, पुन्हा पहिल्यापासून. काल एक कॉइल वहीशी तंतोतंत जुळली.

"ही वही खरी," मी सुनेला ओरडून सांगितलं.

"पुन्हा मोजा, आबा," ती म्हणाली.

मोजली.