आई आणि डोंगरावरचं तळं

आमच्या शाळेतल्या एक बाई दिवाळीच्या सुट्टीत इंडोनेशियाला जाऊन आल्या. स्टाफरूममध्ये मोबाइलवर फोटो दाखवत सुटल्या. ज्वालामुखीचा डोंगर, वर निळंशार तळं, काठावर गोल टोपी घालून उभ्या असलेल्या बाई. शेवटी मोबाइल पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "असलं काही आपल्याकडे कुठलं!" मी भूगोल शिकवते. तलासरीच्या डोंगरांकडे रोज तोंड करून बसायचं आणि हे ऐकून घ्यायचं, हे मला जमणारं नव्हतं. म्हटलं, "आपण चहा पितोय तोसुद्धा थिजलेल्या लाव्ह्यावर बसूनच, बाई. आणि तळं म्हणाल तर आमचंही आहे."

"आमचं" म्हणायचा खरं तर मला काडीचा हक्क नव्हता. ते तळं तलासरीकडच्या एका डोंगरावर आहे आणि पायथ्याच्या पाड्यातल्या लोकांचं आहे. घोलवडला आमची चिकूची वाडी. तिथे कामाला येणारी एक मावशी त्या पाड्यातली. तिनेच आम्हाला पहिल्यांदा वर नेलं. ज्वालामुखीचं तोंड वगैरे तिथे नाही, उगाच थापा मारणार नाही. लाव्ह्याचे थर एकावर एक बसले, वरच्या थरात खोलगट जागा राहिली, तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि उन्हाळा लागेपर्यंत टिकतं. काठाला सगळा काळा कातळ. त्याच्या भोकांतून पांढऱ्या गारगोट्या चमकतात. २०१४ पासून दर डिसेंबरात एक रविवार आम्ही तिथे घालवायचो. पोहायचं, मडक्यात कंद-शेंगांची उकडहंडी लावायची, ती होईपर्यंत तापल्या कातळावर आडवं व्हायचं.

आई मात्र कधी आली नव्हती. ती डबे भरून द्यायची आणि ओटीवर उभी राहून हात हलवायची. आधी गुडघे दुखायचे म्हणून, आणि पुढे एका गुडघ्याची वाटी बदलल्यावर आम्ही जाऊ देईना म्हणून. ऑपरेशन उत्तम झालं होतं. डॉक्टर म्हणाले होते, चाला, पोहा, हवं ते करा. पण घराला सवय लागली ती लागलीच. आई उठली की कोणीतरी म्हणणार, "आई, तू बस." पाणी आणायला उठली, तू बस. वाडीत चक्कर मारायला निघाली, तू बस. घरी आलेले पाहुणेसुद्धा दोन दिवसांत ते शिकायचे. आई बसायची. पण बसताना तिचा चेहरा बघवायचा नाही.

आईचं माहेर वरोर. समुद्राच्या काठी वाढलेली, भरतीच्या पाण्यात भावांच्या पुढे जाऊन खाडी ओलांडणारी पोर. लग्न होऊन घोलवडला आली. समुद्र इथेही हाकेच्या अंतरावर आहे, पण वाडीवाल्यांची सून समुद्रात उतरत नाही. तसं कोणी तिला सांगितलं नव्हतं, सांगायची गरजच नव्हती. पुढची चाळीसेक वर्षं तिने पाण्यात पाय घातले ते वाडीच्या पाटात, तेही घोट्यापर्यंत.

२०१७ च्या त्या रविवारी सकाळी ती माझा जुना पंजाबी ड्रेस घालून बाहेर आली. जन्मात साडीशिवाय काही न नेसलेली बाई! आम्ही बघतच राहिलो.

"मी पण येते," ती म्हणाली. "आणि नुसती बघायला नाही. पोहणार आहे."

"आई, तू..." भावाने तोंड उघडलं.

"बस म्हणालास तर डबे मिळायचे नाहीत."

भाऊ निमूटपणे जीप काढायला गेला. वरोरहून मामा आला होता, आईचा धाकटा भाऊ. पोहण्यात आपला हात धरणारा अख्ख्या किनाऱ्यावर कोणी नाही, असं त्याचं स्वतःचं मत. तो छातीवर हात ठेवून म्हणाला, "भिऊ नको गो. मी हाय ना बरोबर."

जीप पाड्यापर्यंत गेली. तिथून मावशी पुढे झाली आणि चढ सुरू झाला. आईने चिकू काढायचा बांबू जाळी सोडवून काठीसारखा आणला होता. दर थोड्या वेळाने ती थांबायची, आणि दम लागला म्हणायच्या ऐवजी एखाद्या झाडाचं नाव विचारायची. मावशीच्या ते लक्षात आलं. ती प्रत्येक झाडाची इतकी सावकाश माहिती सांगायला लागली की आईचा श्वास जागेवर यावा. मी हात पुढे केला तर आईने त्यात पाण्याची बाटली दिली. पण वर पोचली. काठावर वाकून तिने पाण्यात हात घातला. मग म्हणाली, "एवढी वर्षं एकटेच येत होता होय रे?"

इकडे मामाने पहिलं काम काय केलं, तर सगळ्यांच्या चपला, डबे, आईची कोरडी साडी असं सगळं उचलून काठापासून पार लांब, वरच्या कातळावर नेऊन ठेवलं.

"मामा, एवढ्या वर कशाला?" मी विचारलं.

"भरती आली म्हंजे?" म्हणाला आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. हे तळं आहे हे मामाला ठाऊक होतं, त्याच्या हातांना ठाऊक नव्हतं. आम्ही हसून हसून खाली बसलो. ती लाज धुवायला मामाने पाण्यात सूर मारला आणि समुद्रात लोळतो तसा, दोन्ही हात डोक्याखाली घेऊन, ऐटीत उताणा पडला. पडला तो बुडालाच. नाकातोंडात पाणी जाऊन खोकत वर आला.

"हे पाणी माणसाला धरीतच नाय गो!"

"गोडं पाणी हाय ते," आई म्हणाली. माहेरचं माणूस समोर असलं की तिची बोलीही माहेरी जाते. "त्यात कोण तुझ्यासाठी मीठ घालणार?"

आई हसत होती, पण माझं हसू पळालं. मामासारखा माणूस गटांगळी खातो, तर चाळीस वर्षं पाण्यात न उतरलेली, गुडघ्यात धातू घातलेली बाई काय करणार? आमच्याकडे पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती कमरेला तेलाचा रिकामा कॅन बांधून. तसा कॅन मी बरोबर घेतला होता. तो तिच्या कमरेला बांधला. तिने बांधू दिला, पण चेहरा कडू काढा प्यायल्यासारखा.

ती कातळावर बसून हळूच पाण्यात सरकली. सुरुवात काही बरी नव्हती. एका अंगाला कलत होती, पाय हलत नव्हते, कॅन पाठीवर डुगडुगत होता. मग कुठेतरी हातांना जुनी आठवण आली असावी. लांब, सावकाश हात पडू लागले. मधोमध पोचली तशी उन्हाची तिरीप पाण्यावर आली आणि सगळं तळं झगझगायला लागलं. डोळे बारीक केले तरी आई दिसेना.

आणि मग कॅन परत आला. वाऱ्याबरोबर डुलत डुलत, एकटाच.

मामा पाण्यात धावला, भाऊ शर्टासकट त्याच्यामागे. एवढ्यात वरच्या कातळावर उभ्या असलेल्या मावशीने हात केला. "त्या काय, पल्याड पोचल्या ना! गाठ सोडून दिली त्यांनी मघाशीच. मी बघत होते."

आम्ही पाहिलं. पलीकडच्या काठाशी पांढऱ्या केसांचा अंबाडा. दोन हात कातळावर टेकले, आधी नवा गुडघा वर आला, मग जुना, आणि माझी आई उभी राहिली. त्या काळ्या दगडावर, ओल्या पंजाबी ड्रेसमध्ये, ताठ. मी रडत होते की हसत होते, मला सांगता येणार नाही. अभिमानाने ऊर भरून येणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. त्याआधी ते मी फक्त मुलांच्या निबंधात वाचलं होतं. पाण्यात छातीभर उभा मामा तर मावशीला ओरडून सांगत होता, "भैन हाय माझी! माझी भैन हाय ती!"

भाऊ ओरडला, "आई, तिथेच थांब! आम्ही साडी घेऊन येतो!"

साडी भरतीपासून सुखरूप, वरच्या कातळावर होती. ती आणायची आणि सगळ्या तळ्याला वळसा घालून जायचं, म्हणजे बराच वेळ लागणार होता.

"या सावकाश," पलीकडून आईचा आवाज आला. "आता मी बसते."

आणि पाय पाण्यात सोडून ती बसली.