शुक्रवारचा तास

डोंबिवलीच्या एका शाळेत नववीला इतिहास शिकवणाऱ्या योगिनीबाई हल्ली वर्गात शिरायच्या त्याच दमून. वीस-बावीस वर्षं खडू झिजवले त्याचा शीण कधी आला नव्हता. तो आला भिंतीवर मोठा डिजिटल फळा लागल्यापासून. फळा चालू होईस्तोवर निम्मा वर्ग पेंगायचा, आणि नेट गेलं की उरलेला निम्मा खूश व्हायचा. पण त्याच फळ्याच्या जिवावर बाईंनी शुक्रवारचा एक तास भांडून मिळवला होता. पुस्तक मिटायचं, आपापल्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना प्रश्न विचारायचे, ते फोनवर रेकॉर्ड करायचं आणि फळ्यावर लावून सगळ्यांनी तपासायचं, हे खरं कशावरून. इतिहास असा शोधतात हे पोरांना एकदा तरी कळावं, एवढीच त्यांची हाव.

पोरांनी काय केलं? म्हाताऱ्यांना सोडून फोनलाच विचारलं आणि आलेलं उत्तर उतरवून आणलं. मग एकाचा परिच्छेद तोच दुसऱ्याचा, चुकांसकट. बाईंनी कपाळाला हात लावला. तिकडे गणिताचा निकाल घसरलेला, त्यामुळे मुख्याध्यापक सुदेश सरांचा त्या तासावर डोळा होता. "या शुक्रवारी मी मागे बसतो," ते म्हणाले. "काही दिसलं तर ठेवू, नाहीतर तास गणिताला."

त्या शुक्रवारी पाळी समृद्धीची होती. खाडीकडच्या गावठाणातली पोर, आणि तिची आजी सगुणा उभं तारुण्य मिठागरात राबलेली. बाईंची सगळी भिस्त तिच्यावर. फळ्यावर आजी दिसल्या. ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या, हात मांडीवर घट्ट. मग त्या बोलू लागल्या, "मिठागरे हा येथील भूमिपुत्रांचा पारंपरिक व्यवसाय होता. नागरीकरणामुळे त्याचा ऱ्हास झाला."

बाई चपापल्या. वाक्यं त्यांचीच होती. वर्गाच्या ग्रुपवर नमुना म्हणून टाकलेल्या नोट्स, शब्दन् शब्द. आजीचं बोलणं चुकीचं ठरेल, मार्क जातील, म्हणून नातीने त्या आजीकडून पाठ करून घेतल्या होत्या. आजी मध्येच अडखळल्या तेव्हा पोरीने हळूच पुरवलेला शब्दही ऐकू आला.

शेवटी आजींनी श्वास सोडला. "झाला? आता माजा सांगू?"

"नको आजी, एवढंच हवंय," समृद्धीचा आवाज आला आणि व्हिडिओ संपला.

सर टाळ्या वाजवत उठले. "बाई, शेवटचं तेवढं कापा. ठाण्याच्या शालेय प्रदर्शनाला पाठवू. तास तुमचा."

बाई गप्प बसल्या असत्या तर भागलं असतं. खरं सांगायचं तर त्यांना गप्पच बसायचं होतं, वाद घालायला अंगात त्राण उरलं नव्हतं. पण तोंडून निघून गेलं, "सर, यात आजींचं काहीच नाही. माझंच मला ऐकवलंय हे."

"मग देऊ गणिताला?"

बाईंनी फळा बंद केला. पुढच्या आठवड्यात वेळापत्रक बदललं.

त्या रविवारी बाई रिक्षा करून गावठाणात गेल्या. का गेल्या, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. सगुणाआजी ओट्यावर सुपात जवळा, ती बारीक सुकी मासळी, निवडत होत्या. बाईंची ओळख कळताच त्यांनी सूप खाली ठेवलं, उठून उभ्या राहिल्या आणि सुरू झाल्या, "मिठागरे हा येथील..."

"आजी, ते नको."

"चुकला का माजा? पोरीचे मार्क कापू नको गो बाई. मना म्हातारीलाच पाठ नाय झाला बराबर."

"काही चुकलं नाही. तुम्हाला तुमचं सांगायचं होतं ना, ते ऐकायला आलेय."

"नको. माजा चुकीचा असल. पोरीला भोवल."

समृद्धी दाराशी मान खाली घालून उभी होती. बाई ओट्यावरच टेकल्या. पाय ठणकत होते.

"मार्क नाहीत आता, आजी. तो तासच बंद झाला."

"बंद? मंग मार्क कोनालाच नाय?"

"कुणालाच नाही."

आजींनी सूप परत मांडीवर ओढलं आणि बाईंकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मंग बस," त्या म्हणाल्या. "सांगते."