शेक, दूध आणि थोरले भाऊजी

जगातल्या यच्चयावत दुखण्यांवर म्हशीचं दूध हा एकच उतारा आहे, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत मिळून एकच होऊन गेला, आणि तो माझ्या वाट्याला थोरला दीर म्हणून आला. भाऊजी तरुणपणी पैलवान. कान मोडलेले, मान जवळजवळ नव्हतीच. कुस्ती सुटली तरी खुराकावरची श्रद्धा सुटली नाही. पाय मुरगळला, दूध. पोरगं नापास झालं, दूध. एकदा इस्लामपूरच्या रस्त्यावर एस.टी. बंद पडली, तर यांनी जवळच्या वस्तीवरून दुधाची चरवी आणून आधी ड्रायव्हरला पाजली. दुर्दैवानं गाडी सुरू झाली, आणि त्यानंतर त्यांना काही सांगायची सोयच राहिली नाही.

त्यांची दुसरी खोड म्हणजे मर्यादा. मी सातारच्या पेठेतली, शाळेत मास्तरीण. पण आष्ट्याजवळच्या या सासरी धाकट्या भावजयीनं थोरल्या दिरापुढं पदर ढळू द्यायचा नाही आणि तोंड उघडायचं नाही. भाऊजीही माझ्याशी सरळ कधी बोलले नाहीत. मधे कुणीतरी लागायचंच. जाऊबाई, भिंत, नाहीतर त्यांची म्हैस चंद्री. "चंद्रे, सांग त्यास्नी, पावणं आल्यात, चा ठेवा." चंद्री रवंथ करायची आणि मी आत आधण ठेवायची.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि मला पुन्हा अंगावरून जायला लागलं. मिरजेला गेलो तर पिशवीचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करून पिशवी काढली, पण रोग तिच्या भिंतीत खोल गेलेला, म्हणून डॉक्टरांनी शेक, म्हणजे किरणांचा उपचार, सांगितला. पाच आठवडे बाहेरून कोबाल्टच्या यंत्राचा, आणि शेवटी आतून रेडियमचा. माझे यजमान आधीच गेलेले, मुलगा पलटणीत, जाऊबाईंचे गुडघे धरलेले. "आमी हाय की," भाऊजी भिंतीला म्हणाले. मिरजेत खोली घेतली ती अंगण बघून, आणि चंद्रीला आष्ट्याहून चालवत आणलं. विकतचं दूध सुचवणाऱ्या घरमालकाला त्यांनी विचारलं, "पेशंटला पानी पाजाय आलोय व्हय?"

शेक त्यांना पटलेला नव्हता. माझ्या पोटावर जांभळ्या शाईच्या रेघा काढल्या होत्या, त्या पुसायच्या नाहीत अशी ताकीद होती. मी टेबलावर निजायची, यंत्र घरघरायचं, आणि मला काहीही न जाणवता सगळं उरकायचं. "धग न्हाई, धूर न्हाई, मग शेक कसला ओ?" असं ते यंत्रवाल्याला रोज विचारत.

तिसऱ्या आठवड्यात शेकानं आपली ओळख दिली. जुलाब सुरू झाले, लघवीला आग, पोटाची कातडी काळवंडली, चार पावलांत पाय गळायला लागले. डॉक्टरांनी दूध, तिखट, पालेभाज्या बंद केल्या. मऊ भात आणि ताक खा म्हणाले. हे ऐकलं मी एकटीनं. भाऊजी बाहेर बाकावर. आता थोरल्या दिराला जुलाबांचं सांगायचं कसं? मी सुकत चालले तसा त्यांच्या दुधाच्या पेल्याचा तांब्या झाला, त्यात बदाम आले. तांब्या उंबऱ्यावर ठेवून ते पाठमोरे बसत, आणि तो रिता झाल्याशिवाय हलत नसत. मी मुकाट्यानं प्यायची. अखेर डॉक्टर म्हणाले, "शेक थांबवतो. हे असंच चाललं तर पुढचा देता येणार नाही, आणि अर्धवट सोडला तर रोग उलटायची भीती आहे."

त्या संध्याकाळी तांब्या आला. "चंद्रे, सांग त्यास्नी, समदं प्यायचं."

"चंद्रे," मीही म्हणाले, "भाऊजींना सांग, डॉक्टरांनी दूध..." आणि मला रडूच फुटलं. "भाऊजी, मला जगायचंय हो. दूध नको. पोटात काही ठरत नाही, दिवसभर परसाकडं पळतेय. शेकानं होतंय आणि दुधानं वाढतंय."

ते पाठमोरेच राहिले. "म्हंजी मीच की..." एवढं बोलून तांब्या घेऊन गेले.

सकाळी ते डॉक्टरांपुढं हात जोडून उभे. "बाईमानसाचं दुखणं हाय, ठावं हाय मला. काय द्याचं, काय न्हाई, समदं सांगा. लाजू नगा." डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग सगळं दूध विरजणात गेलं. भाऊजींनी स्वतः भात शिजवला, कधी गिचका, कधी करपलेला. आणि परसातल्या संडासाच्या दाराशी पाण्याची बादली भरलेली दिसायला लागली. मी उठायच्या आत भरलेली, रिती झाली की पुन्हा भरलेली. भरताना ते मला कधी दिसले नाहीत. थोरल्या दिरानं भावजयीच्या संडासाचं पाणी भरावं, हे गावात कुणाला खरं वाटलं नसतं.

पोट सावरलं, शेक पुन्हा सुरू झाला आणि पुरा झाला. रेडियम ठेवलं तेव्हा हलायचं नव्हतं, जवळ कुणी यायचं नव्हतं. लांब, बंद दारापलीकडून भाऊजींचा आवाज येत राहिला. कुठल्या जत्रेत कुणाला चितपट केलं ते सगळं ते मला सांगत होते, थेट मला. "आयकताय न्हवं?" मधेच विचारायचे. मी आतून "हो" म्हणायची.

गावी परतल्यावर आमची मर्यादा पहिल्यासारखी सुरू झाली. लोकांना ते सांगत, "शेक लय गुणाचा." बादलीबद्दल ते कधी कुणाशी बोलले नाहीत, आणि त्यांना संकोच वाटेल म्हणून मीही बोलले नाही. आज ऐंशीतही मी धडधाकट आहे, आणि भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊजी, तुम्ही होता म्हणून माझा शेक पुरा झाला. हे एकदा तुमच्या समोर उभं राहून, तुमच्याकडं बघून म्हणायचं होतं.