चुकलं तर चुकलं म्हणणारा खेळ

पन्नाशी ओलांडलेला, पोट सुटलेला, लग्नांत आणि सत्कारांत माइक धरून गावाला हसवणारा माणूस दुपारी दार लोटून काय करत असेल, यावर आमच्या भूममध्ये बरेच तर्क आहेत. कोणी म्हणतं झोपतो, कोणी म्हणतं पितो. एका सद्गृहस्थांनी तर मी जादूटोणा शिकतो असंही पसरवलं होतं. खरं सांगतो, मी खून उलगडतो. लेक पुण्याला नोकरीला लागली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप माझ्याकडं आला, आणि त्यात गुप्तहेराचा एक खेळ राहून गेला होता. लॅपटॉप टीव्हीला जोडला, पाटावर माउस ठेवला आणि नाद लागला तो लागलाच.

या नादात मी जेवढा फसलो तेवढा जमिनीच्या व्यवहारातही कोणी फसलं नसेल. वेष्टन बघावं तर लांब कोट, धुकं, कंदील. आत गेलं की गुप्तहेर साहेब प्रत्येक कपाटासमोर उभे राहून म्हणणार, "कुलूप आहे." ते कुलूप उघडायला किल्ली, किल्ली तळ्यात, तळ्यातून काढायला गळ, गळ म्हाताऱ्याकडं, आणि म्हाताऱ्याला हवं मांजर. तोवर मुडद्याचं काय होत असेल याची कोणाला फिकीर नाही. दुसऱ्या एका खेळात मी काही विचार करण्याआधीच साहेब मोठ्यानं बोलून मोकळे व्हायचे, "म्हणजे पत्र माळ्यानं लिहिलं तर!" अहो, मग मी इथं कशाला बसलोय? आणि एकात तर ऐन रंगात चोरामागं पळायला लावलं. या वयात माझी बोटं पळत नाहीत. चोर सतरा वेळा सुटला आणि माझी कंबर धरली.

हे सगळं मी हसत सांगतो, कारण हसत सांगणं हा माझा धंदाच आहे. पण या खेळांची खरी खोट मला माझ्या बहिणीनं दाखवली.

अक्का माझ्याहून बरीच थोरली. आरोग्य खात्यात नर्स होती. भूम आणि वाशी तालुक्यांतल्या गावांतून तिनं पोरांना डोस पाजले, बाळंतपणं केली. नवरा लवकर गेला, मूल नव्हतं. निवृत्त झाल्यावरही एकटी राहायची आणि वाचनालयातल्या रहस्यकथांचा फडशा पाडायची. शेवटचं पान उघडण्याआधी खुनी कोण ते पेन्सिलीनं पुठ्ठ्यावर लिहून ठेवायची. गेल्या वर्षी तिला एक बारीकसा झटका आला. हातपाय वाचले, पण पुस्तक हातात धरलं की पान उलटेपर्यंत मागचं पान निसटायला लागलं. तिला आम्ही घरी आणलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोकं चालतं ठेवा.

बाहेर पडल्यावर अक्का म्हणाली, "चालतं ठेवा म्हणं. पर चालतंय का न्हाय, हे मला कोण सांगणार?"

मी म्हणालो, "मी हाय की."

"तू व्हय," ती म्हणाली आणि खिडकीकडं बघत बसली.

मी तिला टीव्हीपुढं बसवलं. नवख्या माणसाला सगळ्यात भारी तेच दाखवावं, अशी आपली पाहुणचाराची पद्धत. म्हणून मी सगळ्यात महागडा, सजवलेला खेळ काढला. बर्फातलं हॉटेल, मेलेला शेठ, संशयित ढीगभर. खेळ इंग्रजीत, त्यामुळं सगळ्यांचे आवाज मी मराठीत काढायचे. शेठची विधवा मी महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाईंसारखी केली. हॉटेलचा नोकर केला तहसीलच्या शिपायासारखा: "सायेब जेवायला गेलेत, उद्या या." अक्का पदर तोंडाला लावून हसली. माझी बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "दोघं बी लहान झालाव का ओ?"

पहिला भाग संपला तेव्हा मुख्य संशयित कोण ते ठरवायचं होतं. अक्कानं बराच विचार करून स्वयंपाकी निवडला. तुताऱ्या वाजल्या. पडद्यावर आलं, उत्तम निरीक्षण, साहेब! मी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच, पुन्हा तुताऱ्या. अक्काच्या तोंडावर चढलेली ती जरा कोवळी लाली मला आजही दिसते.

तिसऱ्या भागाच्या शेवटी तिनं माझ्याकडं बघितलं. "आता बघ हं," म्हणाली, आणि माउस फिरवून बोट ठेवलं ते शेठच्या बहिणीवर. ही बहीण खुनाच्या दिवशी दुसऱ्या गावाला होती, हे खेळानं आम्हाला तिकिटासकट दाखवलं होतं.

तुताऱ्या वाजल्या. उत्तम निरीक्षण, साहेब!

अक्कानं माउस पाटावर ठेवला. "ह्यो बी तुमच्यातलाच हाय," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"परवा सकाळी चहा म्या केला. साखरंच्या जागी मीठ पडलं. तुझी बायको पिली. तू पिलास. वर म्हणालास, वा अक्का, झकास. माइकवर बोलल्यावानी. माझा कप म्या शेवटी तोंडाला लावला, तवा कळलं."

बायको दारात येऊन उभी राहिली होती. "अक्का, तुमाला वाईट वाटंल म्हणून..."

"वाईट वाटू द्या की! मला वाईट वाटायचं बंद केलंव तुमी. म्या चुकले की समदे म्हणतेत, बरोबर हाय, बरोबर हाय. मग म्या किती राहिलेय, हे मला कसं कळावं?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "बारक्या, चुकलं तर चुकलं म्हणणारा खेळ आण. नसंल तर राहू दे."

मी शोधायला लागलो. त्या शोधात मला जे कळलं ते कोणी नवखा माझ्याकडं आला तर मी आज न विचारता सांगतो. सजावटीला भुलू नका. ज्यात पळावं लागतं तो सोडा. ज्यात साहेब तुमच्या आधी बोलतो तोही सोडा. एकच बघायचं: मी चुकीचं उत्तर दिलं तर या खेळाला कळतं का? ज्याला कळत नाही, त्याच्यात खून कितीही असोत, कोडं एकही नसतं. आणि सुरुवात बारक्या प्रकरणापासून करावी. पहिल्याच दिवशी खून कशाला? आधी फुलदाणी कोणी फोडली ते सांगा.

तसा एक सापडला. स्वस्त, लहान, कुठल्याशा दूरदेशी दोघांनी मिळून हातानं काढलेला. त्यात कोणी चालत नाही, बोलत नाही. एक चित्र असतं, घटना घडून गेल्यावरचं घर. तुम्ही जवळ जाऊन बघायचं, हात, चपला, टेबलावरची ताटं. मग कोणी काय केलं ते मांडायचं आणि स्वतःच बटण दाबायचं. बरोबर असेल तर पुढचं चित्र येतं. चूक असेल तर एकच ओळ येते: असं घडलेलं नाही.

पहिलं प्रकरण केक चोरीचं होतं. आमचं भूम खव्याचं, इथल्या माणसाला केक काय भिडणार, म्हणून मी त्याचा खवा केला. अक्का टीव्हीच्या इतकी जवळ गेली की मला नुसता अंबाडा दिसत होता. "त्या पोरीच्या चपला बघ," म्हणाली, "डाव्याउजव्या झाल्यात. घाईनं घातल्यात." पोरीचं नाव मांडलं, बटण दाबलं. पुढचं चित्र आलं. तुतारी नाही, शाबासकी नाही. अक्का माझ्याकडं वळली. बरोबर आलंय, हे तिला सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या प्रकरणात ती चुकली. मी ओळ वाचली, "असं घडलेलं नाही." सगळ्यांचे आवाज काढणाऱ्या मला या ओळीला आवाज सापडेना. सपाट वाचली. अक्कानं टाळी दिली. "न्हाय म्हणाला! ऐकलास का, न्हाय म्हणाला!" बायको पदर खोचून आत आली, तिला वाटलं आम्ही जिंकलो.

आमच्या वडिलांना कोडी घालायचा नाद होता. आमच्या घरची रीत अशी, की कोडं सुटलं नाही तर हरणाऱ्यानं एक गाव द्यायचं. नुसतं नाव घेऊन चालत नसे. गावात काय काय आहे ते सांगून द्यायचं, म्हणजे जिंकणाऱ्याला नीट मिळालं. अक्कानं ती रीत पुन्हा सुरू केली. खेळ नाही म्हणाला की ती गाव द्यायची, आणि टीव्हीला कुठं ठेवायला जागा, म्हणून ते मी घ्यायचं. तिनं मला ईट गाव दिलं, बाजारासकट, आणि बाजारात सुईला घाबरून बैलाखाली लपलेल्या एका पैलवानासकट. पाथरूड दिलं. तेरखेडा दिलं तेव्हा म्हणाली, "फटाक्याचं गाव हाय, जपून ठेव. चुलीजवळ न्हेऊ नकोस." मी एवढा श्रीमंत कधी नव्हतो. माझ्या सगळ्या आयुष्यात अक्काच्या नोकरीबद्दल जेवढं मला कळलं नव्हतं, तेवढं तिच्या हरण्यातून कळलं.

उन्हाळा संपत आला तशी ती जास्त हरायला लागली. त्याचं तिला काही वाटत नव्हतं. उलट चुकल्यावर ती कुठं चुकली ते शोधायची, आणि पुष्कळदा सापडायचं. एक दुपार मात्र वेगळी होती. खेळ नाही म्हणाला. अक्का सवयीनं म्हणाली, "घे, गाव घे..." आणि थांबली. पंखा चालू होता. तिनं बोटांनी मांडीवर रस्ता काढला, इकडून वळण, तिकडून वळण, जणू एसटीत बसून जात होती. "हितं... फाट्यावर उतरलं की चिंच हाय. शाळंच्या मागं आमची खोली. पावसात गळायची. सरपंचाची म्हातारी भाकरी आणून द्यायची..."

ते वालवड होतं. तिनं तिथं नोकरीची कितीतरी वर्षं काढली होती. नाव माझ्या ओठावर आलं होतं.

"सांगू का?"

"नगं." तिनं पुन्हा बोट फिरवलं. मग हात उचलून घेतला. "समदं आलं, नाव न्हाय आलं. नाव न्हाय तर गाव कसं द्यावं?"

त्या दिवशी मी काही घेतलं नाही.

पावसाळ्यात सगळी प्रकरणं संपली. मी दुसरा खेळ शोधत असतानाच एका दुपारी अक्कानं स्वतः टीव्ही लावून घेतला आणि पहिलं चित्र उघडलं. जवळ गेली. "ह्या पोरीच्या चपला बघ रं," म्हणाली, "डाव्याउजव्या झाल्यात." तोच सूर, तोच आनंद. मी म्हणालो, "व्हय की." हे खेळ खेळणाऱ्यांची एक हौस असते: आवडता खेळ पार विसरून जावा आणि पुन्हा पहिल्यांदा खेळावा. आम्ही हे एकमेकांना मोठ्या लाडानं म्हणतो. माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, ती हौस पुरी होत होती.

मग तेच होत राहिलं. ती कधी खव्याच्या चोरापर्यंत पोचायची, कधी नाही. मी तिच्या शेजारी बसून नवखा असल्याचं सोंग करायचो, आणि सोंग मला चांगलं जमतं. तिनं विचारलं नव्हतं, म्हणून मी खोटं बोललो नव्हतो. असा माझा हिशेब.

गेल्या आठवड्यात चित्र उघडून ती तशीच थांबली. चपलांकडं गेली नाही. माझ्याकडं बघितलं. "बारक्या, ह्यो खेळ नवा हाय का?"

बायको दारात भाजी निवडत बसली होती. तिचा हात थांबला. तिनं डोळ्यांनी मला सांगितलं, हो म्हणा.

माझ्याकडं आवाज खूप आहेत. अध्यक्षीणबाईंचा आहे, शिपायाचा आहे, लग्नात नवरदेवाच्या मामाला चढवून ठेवायचा एक खास आहे. त्यातला एकही आला नाही.

"न्हाय अक्का. परवा बी खेळलीस. त्याच्या आधी बी लई वेळा."

ती पडद्याकडं वळली. मग म्हणाली, "सुटला व्हता का?"

"आधी सुटायचा. परवा न्हाय सुटला."

"मला रडू आलं व्हतं का?"

"न्हाय. चहा मागितला व्हतास."

"मग ठीक." तिनं माउस हातात घेतला, पुन्हा ठेवला. "तू तिकडं तोंड कर. तुला उत्तर ठावं हाय, आन् तुझ्या तोंडावर समदं दिसतंय. ल्हानपणापासनं दिसतंय."

मी भिंतीकडं तोंड करून बसलो. मागून माउसची टिकटिक ऐकू येत होती. थोडी टिकटिक, मग थांबणं. पुन्हा थोडी. मग इतका वेळ काहीच ऐकू आलं नाही की मला मान वळवावीशी वाटली.

"वळू नगस," अक्का म्हणाली. "बघतेय म्या अजून."