फुगायच्या आधी

गाईची लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. कान पडलेले, अंग तापलेलं. अनुसयाआजी तिच्या मानेला धरून उभी होती.

कुडपणला तेव्हा रस्ता नव्हता. मी पोलादपूरच्या गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर. बॅग खांद्याला मारायची आणि चढण पायी चढायची. आता गाडी वर जाते, पण त्या वाटेची आठवण आली की अजून जीव हळवा होतो.

आजी एकटी राहायची. मुंबईच्या मुलाने बजावलं होतं, गाय आहे तोवर गावाला राहा, ती गेली की माझ्या खोलीवर यायचं. मुंबईचं नाव काढलं तरी आजीला गुदमरायचं. म्हणजे माझ्या एका सुईवर गाय आणि म्हातारी, दोघी होत्या.

हा गोचीडताप. मी इंजेक्शन दिलं आणि गाईचं अंग चाचपलं. कासेला, शेपटीखाली तिळाएवढ्या गोचिडी होत्या. मोठी मात्र एकही नाही.

"आजी, गोचिडी वेचता ना?"

"रोज वेचते. फुगलेल्या तेवढ्या. बारकी हाताला लागत नाय, फुगली की आयती निघते. कोंबड्या पन आवडीनं खातात."

सगळं गाव तेच करायचं. मी समजावलं. गोचीड चिकटल्या चिकटल्या रोग देत नाही. काही दिवस रक्त पीत राहिली की तिच्या लाळेत रोगाचे जंतू तयार होतात, मग ते गाईत उतरतात. फुगलेली दिसते तोवर तिचं काम उरकलेलं असतं. वेचायची ती बारकीच, रोज हात फिरवून.

आजी म्हणाली, "म्हंजे कोंबड्यांपायी मी मुंबईला चालले होते."

दोन दिवसांनी पुन्हा चढलो. लघवी निवळली होती, गाय वैरण ओढत होती. आजी तिच्या कासेखाली बसून नखाने बारक्या गोचिडी काढत होती. मला चहा करायलाही उठली नाही. मला बरं वाटलं.

महाडच्या माझ्या वरच्या साहेबांनी विचारलं, "एका गाईसाठी दोनदा कुडपण?"

"दोघींसाठी, साहेब."

आजी शेवटपर्यंत कुडपणलाच राहिली. तात्पर्य एवढंच, गोचीड बारकी असतानाच काढावी. कोंबड्यांना दाणे टाकावेत.