चष्मेवालीने आरसा पुसला

चष्मेवालीला माणसांची किळस यायची आणि ती ते लपवतही नसे. उभा जन्म लोकांचे चष्मे पुसण्यात गेलेला. नाकावरच्या हिरवट पडलेल्या गाद्या, काचेला चिकटलेल्या पापण्या, तेलकट बोटांचे ठसे! गिऱ्हाइकाने चष्मा पुढे केला की ती तो मेलेलं झुरळ उचलावं तसा दोन बोटांत धरायची. "यातून दिसतं तुम्हाला? धन्य आहे तुमची!" मग स्पिरिट, फडकं आणि खसाखसा. काच हाती आली की पुसायची, याबाबत तिच्याकडे दुसरा विचारच नव्हता.

त्या दिवशी दुपारी तिचा भाचा काखेत एक लांबलचक खोकं मारून दुकानात आला. मागून त्याची लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून घरात तिला खारूताई म्हणत. आज मात्र ती स्टुलावर मुकाट बसली. तिचा डावा डोळा जन्मापासून आळशी. त्याला कामाला लावायचं म्हणून डॉक्टरांनी चांगल्या उजव्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी बांधायला सांगितलेली. आज पट्टी नव्हती.

"मावशी, ही दुर्बीण. वाढदिवसाला आणली हिच्या. सहाशे पट मोठं दिसतं म्हणे."

"कोण म्हणे?"

"खोक्यावर लिहिलंय."

"खोक्यावर शनीचं रंगीत चित्रही आहे. ते कापून भिंतीला लाव, तेवढाच उपयोग."

"काही दिसलंच नाही गं. नुसता काळोख. आणि हिने पट्टी काढून फेकली."

"दादा म्हणाला, तुझा चांगला डोळापण गेला," खारूताई जमिनीकडे बघत म्हणाली. "मग पट्टी कशाला लावायची?"

चष्मेवालीने तिला तक्त्यासमोर उभं केलं. पोरीने शेवटची ओळसुद्धा घडाघडा वाचली.

"बघ! ठणठणीत आहे डोळा."

"तक्ता पाठ आहे मला."

कपाळ! पट्टी सुटली की आळशी डोळा कायमचा आळशी राहणार, हे चष्मेवालीला पक्कं ठाऊक होतं. तिने मोर्चा भाच्याकडे वळवला.

"बघितलंत कुठून?"

"खिडकीतून. बाहेर डास होते, म्हणून काच लावून घेतली होती."

"तुमच्या घरची काच पाहिलीय मी. तिच्यातून समोरचा विजेचा खांब दिसत नाही, आणि तुम्ही शनी शोधताय! डोळ्याशी भिंग कुठलं लावलं होतं?"

"सगळ्यात मोठं दाखवणारं."

"अर्थात! तुम्हाला सगळं सगळ्यात मोठंच हवं असतं."

तिने नळीत डोकावून पाहिलं. आत बिस्किटाचा चुरा, एक लांब केस आणि तळच्या आरशावर भल्याथोरल्या अंगठ्याचा ठसा. "शी! शी शी शी!" स्क्रू काढून तिने आरसा बाहेर घेतला, स्पिरिट ओतलं आणि खसाखसा सुरू केलं. फडकं करडं झालं. अजून घासलं, अजून करडं. मग तिने आरसा उजेडात धरला. मधोमध चकाकी उडालेली आणि भोवती ओरखडे.

तेवढ्यात खारूताईने खोक्यातली माहितीपत्रिका वाचली. "मावशीआजी, यात लिहिलंय, आरशाला हात लावू नये. याचा मुलामा मागे नसतो, पुढेच असतो."

भाच्याने हसू दाबलं. ते दाबलेलंही तिला दिसलं. उघड्या मुलाम्यावर आपण भांडी घासल्यागत हात चालवला होता. आतापर्यंत तिला लोकांच्या अडाणीपणाचा वीट यायचा. आता स्वतःचा आला, आणि तो जास्त कडू होता.

"बसव तो परत," ती भाच्यावर खेकसली. "आणि वर गच्चीवर चल."

गच्चीवर कबुतरांनी घातलेला राडा पाहून तिने पुन्हा नाक मुरडलं. पण काम नीट केलं. उजेड होता तोवर, सूर्याकडे पाठ करून, तिने दूरची पाण्याची टाकी मोठ्या नळीत धरली आणि नेम धरायची वरची छोटी नळी स्क्रू पिळून त्याच टाकीवर जुळवली. सगळ्यात कमी मोठं दाखवणारं भिंग लावलं.

"सूर्य पुरता बुडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. डोळा भाजला तर त्याला चष्मा नसतो माझ्याकडे."

अंधारू लागलं. डोक्यावर अर्धा चंद्र होता. छोट्या नळीतून तिने तो धरला.

"ये गं. हात पाठीमागे बांध. धरलीस की नळी थरथरते."

खारूताईने मोठ्या नळीच्या भिंगाला उजवा डोळा लावला. चष्मेवालीचा जीव टांगणीला लागला. ओरखड्यांनी घात केला, तर पोर दोष आरशाला देणार नाही, स्वतःच्या डोळ्याला देईल.

"शी!" खारूताई म्हणाली.

"काय शी?"

"चंद्र घाणेरडा आहे! नुसते खड्डे. आणि उजेड संपतो त्या मधल्या रेघेवर एक खड्डा आहे ना, तो सगळा काळा आहे, पण आत एक टोक चमकतंय. एकच. हे खोक्यावर नव्हतं!"

चष्मेवालीने डोळा लावला. शिळ्या पावाला बुरशी चढावी तसा दिसत होता मेला. जराशी धूसर झाक होती, पण ओरखडा एकही नाही. आणि काळ्या खड्ड्यात ते टोक, अगदी तिथेच. म्हणजे तो अंगठ्याचा ठसा तसाच राहिला असता तरी चाललं असतं! तिचा आणखीच जळफळाट झाला.

"दिसलं ना तुलापण?"

"दिसलं. चांगला डोळा शाबूत आहे तुझा. दादाचे कान धर जाऊन."

"बाबा, पट्टी कुठाय?"

"घरी गेल्यावर लाव."

"आत्ता द्या. डाव्याला दाखवायचाय."

भाच्याने खिशातून चुरगळलेली पट्टी काढली. उजवा डोळा झाकून खारूताई पुन्हा नळीशी वाकली. "भुरकट आहे... पण आहे. अर्धा आहे!"

ती बाजूला झाली तेव्हा भिंगावर नाकाचा घाम, एक पापणी आणि गालाचा तेलकट ठसा होता. चष्मेवालीचा हात आपसूक खिशातल्या फडक्याकडे गेला.

"मावशीआजी!"

चष्मेवालीने हात पाठीमागे बांधले.