गोवऱ्या घेऊन अकोटला

अमरावतीच्या बसस्टँडवर पोहोचलो तेव्हा अकोटची थेट गाडी नुकतीच सुटली होती. या वयात गाडीमागे धावणं शोभत नाही, आणि पोतं घेऊन तर नाहीच. म्हणून अकोल्याच्या गाडीत चढलो. तिथे गाडी बदलायची.

"काका, पोत्यात काय हाय?" कंडक्टरने विचारलं.

"गोवऱ्या."

"काहून, अकोल्यात म्हशी नाईत काय?"

सगळी गाडी हसली. त्याने पोतं शेवटच्या सीटमागे ढकललं. मीही हसलो, कारण गोवऱ्या हा माझा धंदाच आहे. निवृत्तीनंतर मी रोडग्यांचं (कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले) सामान पुरवतो. शेतात पार्टी असली की तुम्ही फक्त भूक घेऊन जायचं. कणीक, वांगी, डाळ, तिखट-मीठ, गोवऱ्या, सगळं आमच्याकडून. धंदा बरा चालतो. आता मला कॉलेजातल्या मुलांपुढे बोलायला बोलावतात. धंद्याच्या कल्पना सुचतात कशा, ते सांगा म्हणतात. मी सांगतो, एकदा ऑफिसातले आम्ही सगळे नांदगाव खंडेश्वरकडच्या शेतात रोडगे करायला गेलो, आमचा वसंतराव गोवऱ्या आणायलाच विसरला, आणि उपाशीपोटी मला ही कल्पना सुचली. वसंतरावाचं नाव घेतलं की पोरं हमखास हसतात.

यातली कल्पना मला सुचलेली नव्हती. कच्ची वांगी समोर ठेवून आम्ही चिवडा खात बसलो होतो, तेव्हा वसंतरावच म्हणाला होता, सगळं सामान एका पोत्यात विकत देणारा कोणी पाहिजे. नोकरीभर त्याचं टेबल माझ्या टेबलाला लागून होतं. माझ्या डब्यातलं लोणचं त्याने संपवलं, माझ्या तुंबलेल्या फायलीही त्यानेच संपवल्या. माझी भाषणं सुरू झाली आणि तो बोलायचा बंद झाला. दिवाळीला फोन केला तर वहिनी म्हणाल्या, "झोपले हायेत." मागून त्याचा खोकला ऐकू येत होता.

आमच्या वयात अबोला फार दिवस ठेवता येत नाही. कल्पना तुझी होती, हे त्याला तोंडावर सांगायचं आणि अकोटला त्याच्याच अंगणात रोडगे करून घालायचे, असं ठरवून मी निघालो होतो.

बडनेरा मागे पडलं. शेजारच्या आजी बराच वेळ पोत्याकडे पाहत होत्या. शेवटी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "कोन गेलं, भाऊ?"

"कोणी नाही, आजी. मित्राला भेटायला चाललोय."

"लयच सीरियस हाय काय?"

मूर्तिजापूरला गाडी थांबली तेव्हा त्यांना भजी खाऊ घातली. पण मित्राच्या प्रकृतीची त्यांची काळजी अकोल्यापर्यंत काही गेली नाही. उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "धीर धरा," म्हणाल्या. मी पिशव्या उचलल्या आणि अकोटच्या गाडीकडे पळालो.

अकोल्याच्या पुढे पूर्णा ओलांडली. हा खारपाणपट्टा (इथल्या विहिरींचं पाणी खारट). दोन्हीकडे कपाशी फुटलेली, मध्ये तुरीच्या पिवळ्या ओळी. अकोट जवळ आलं तशी सातपुड्याची निळी रेघ दिसू लागली. मी मनातल्या मनात माफीचं वाक्य घोकत होतो.

दार वहिनींनी उघडलं. "या भाऊजी! अहो, मधुकर भाऊजी आले."

वसंतराव पलंगावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. त्याने वर पाहिलं नाही. मी उभ्या उभ्याच सुरुवात केली.

"वसंता, ती पोत्याची कल्पना तुझी होती. मी माझी म्हणून सांगत फिरलो. माझं चुकलं."

"कल्पना?" त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "अबे, कल्पना कायची? मी तुले शिव्या देऊन राहिलो होतो! या मध्याच्या भरवशावर रायन्यापेक्षा पोतंच इकत घेतलेलं बरं, असं म्हनलो होतो मी."

"मंग बोलत काहून नाई?"

"गोवऱ्या कोन इसरलं होतं?"

"तू."

"हाव काय? तुयं भाषन आयकून आलेला मायाच जवाई मले गोवरीवाले मामाजी म्हन्ते! लग्नात गेलो का लोकं इचारतात, आज काई इसरले तं नाई? अन् इसरला होता तू!"

"मी? मी कसा इसरीन? हे पाय, आज बी आठवणीनं..."

मी मागे वळलो. दारात वांग्यांची पिशवी होती. कणकेची होती. पोतं नव्हतं.

"काय शोधून राहिले, भाऊजी?" वहिनींनी विचारलं.

शेवटच्या सीटमागचं पोतं डोळ्यांपुढे आलं. त्याच्यामागून दुसरं आलं: नांदगावच्या पार्टीच्या सकाळचं, माझ्याच ओसरीवर, दाराआड राहिलेलं. हशा पिकावा म्हणून मी ते वसंताच्या नावावर टाकलं, आणि इतक्यांदा सांगितलं की मलाही खरं वाटू लागलं होतं.

"गोवऱ्या," मी म्हणालो, "गाडीतच राहिल्या."

वसंता हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला, मग खोकत हसला. "पाय वं," तो वहिनींना म्हणाला, "साक्षीदाराची गरजच नाई पडली!"

रोडगे झाले नाहीत. वांग्याची भाजी पोळ्यांबरोबर खाल्ली. त्याने माझ्या ताटातलं लोणचं न विचारता उचललं, तेव्हा मी निर्धास्त झालो. स्टँडवर सोडायला आला तेव्हा म्हणाला, "पुढच्या भाषनाले मी समोर बसतो. पाहू कोनाचं नाव घेतं."

परतीच्या गाडीत विचार करत होतो, मुलांना आता काय सांगू? हेच, की ज्याचा तुमच्यावर जीव आहे त्याची शिवी नीट ऐका, धंदा तिच्यातच असतो. आणि ती कोणाला दिली होती, तेही लक्षात ठेवा.

अमरावतीला उतरलो तर सकाळचाच कंडक्टर समोर. पायाशी माझं पोतं.

"काका, अकोल्यात म्हशी निंगाल्या. म्हनून वापस आनलं."

तेव्हा माझी भाषणं ज्यांनी ऐकली, त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. वसंतराव काहीही विसरला नव्हता. गोवऱ्या मी विसरलो. दोन्ही वेळा.